पाव्हण्यांची भुतं

भुतांची एवढी काळजी घेणारा माणूस अख्ख्या सांगली जिल्ह्यात दुसरा नव्हता. माझ्या धाकट्या बहिणीचे हे यजमान, म्हणजे आमचे पाव्हणे, इस्लामपूरजवळ साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर क्लार्क होते आणि उरलेल्या वेळात भयकथा लिहायचे. वर्णन खरं उतरावं म्हणून भर दुपारी छत्री आणि जेवणाचा डबा घेऊन मसणवटीत जाऊन बसायचे. पाल दिसली की मात्र खुर्चीवर चढायचे. गोष्ट झाली की आमच्याकडे येऊन मला वाचून दाखवायचे. मी चौथी शिकलेली, पण कशाला न भिणारी; मी घाबरले तर कुणीही घाबरेल, असं त्यांचं म्हणणं. मी तांदूळ निवडत ऐकायची आणि एकदाही घाबरले नाही. त्यांचं भूत दारातल्या चपला नीट लावायचं, उतू जाणारं दूध उतरवायचं, झोपलेल्याच्या अंगावर चादर घालायचं. असल्या भुताला कोण भिणार?

त्यात आम्ही बौद्ध. धम्म घेतला तेव्हापासून भूत, भानामती, उतारा, सगळ्याला घरात बंदी. एका पौर्णिमेला विहारात वंदना झाल्यावर जाणत्या मंडळींनी पाव्हण्यांना बसवून घेतलं. वाडवडिलांनी जे नदीत सोडलं ते तू वहीत कशाला गोळा करतोस, असं विचारलं. घरी येताना पाव्हणे मला म्हणाले, "मानत न्हाई म्हणूनच लिवाय लागतंय, आक्का. मानत असतो तर नुसती वाट बघत बसलो असतो."

बहीण जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती. चपला नीट लावायची खोड तिचीच. मला उशिरा उमगलं.

गोष्ट दिवाळी अंकात छापून यावी, एवढी एकच हाव त्यांना. नव्वद सालापासून दरवर्षी पाठवायचे, दरवर्षी परत यायची. एकदा संपादकांचं कार्ड आलं : भाषा चांगली आहे, पण भुताने शेवटी कुणाचा तरी जीव घ्यावा. मी म्हटलं, घेऊ द्या की, कागदावरच तर मरायचंय. पंधरा दिवस त्यांनी खटपट केली.

"गळ्यापतूर आणतो तिला," म्हणाले, "आन् ती मफलर नीट करून मागं जाती."

शेवटी त्यांनी बहिणीला काढून तिच्या जागी मला घातलं. मशेरी लावणारी, फाडकन बोलणारी, थोराड हाडाची विधवा. तिने तीन पानांत चार माणसं मारली. गोष्ट छापून आली. कारखान्यातली माणसं मला रस्त्यात वाट देऊ लागली. राग नाही आला. खरं सांगायचं तर बरंच वाटलं.

पुढच्या वर्षी संपादकांचं आपणहून कार्ड आलं, तीच बाई पुन्हा पाठवा म्हणून. आता कुणाला मारायचं, असं मी विचारलं. पाव्हण्यांनी कार्ड खिशात घातलं.

"वहीत तुमीच येताय, आक्का. ती यायची थांबलीया."

त्यांनी नकार कळवला आणि परत पहिल्यासारखं लिहायला घेतलं. त्यानंतर त्यांचं काही छापून आलं नाही.

शेवटच्या दुखण्यात बहिणीच्या डोक्यावर केस उरले नव्हते. डोक्यावरचा पदर ती माझ्यापुढेसुद्धा ढळू देत नव्हती. पाव्हणे परत लिहायला लागल्यावर एकदा मी गेले तर ते बराच वेळ वहीतल्या एकाच ओळीवर अडलेले दिसले. काय करतीय ती, मी विचारलं.

"केस इंचरतीया," ते म्हणाले. "लय लांब हायत."

"इंचरू द्या मग. घाई करू नका."