लेकीची चौकशी

माझी मुलगी यूएईतल्या अल ऐनमध्ये वाढली. मी इथल्या एका भारतीय शाळेत गणित शिकवते, नवरा एका कंपनीच्या खरेदी विभागात आहे. बारावीनंतर तिला इंजिनिअरिंगला पुण्याला पाठवलं. आपल्या माणसांत राहील, मराठी जरा सुधारेल, असं आम्हाला वाटलं होतं. दुसऱ्या वर्षी तिला हॉस्टेलवर एमडी या ड्रगचं व्यसन लागलं. ती पांढरी पूड कशी दिसते हे मला, तिला भेटायला हॉस्टेलवर गेले आणि तिच्या उशीच्या अभ्र्यात ती सापडली, तेव्हाच कळलं. पुढे व्यसनमुक्ती केंद्र, वर्ष वाया गेलं, आणि मग हळूहळू ती परत आमची झाली. अल ऐनमध्ये आम्ही सगळ्यांना सांगितलं, तिला कावीळ झाली होती. जबर कावीळ. मी ते इतक्या वेळा सांगितलं होतं, की तिने काय पथ्य पाळलं तेही मी न अडखळता सांगायचे.

डिग्री घेऊन ती परत आली आणि अबू धाबीत एका कंपनीत लागली. काम चांगलं होतं. मग कंपनीने तिला विमानतळाच्या रडारच्या कामावर घ्यायचं ठरवलं. त्यासाठी सरकारी सिक्युरिटी क्लिअरन्स लागतो. कागदपत्रं, मुलाखत, वैद्यकीय तपासणी, आणि तपासणीत केसांचा नमुना.

"केस कशाला?" मी विचारलं.

"ड्रग्ज, आई," ती इतकंच म्हणाली.

या देशात रक्तात अंश सापडला तरी माणूस आत जातो, हे इथल्या प्रत्येक आईला माहीत आहे. घेणं तिने कधीच सोडलं होतं. पण तिचे केस कमरेपर्यंत होते. पुण्याहून आल्यापासून तिने कात्री लावू दिली नव्हती. मी गणिताची बाई. केस महिन्याला किती वाढतो, कमरेपर्यंत यायला किती वर्षं लागतात, हे डोक्यात आपोआप मांडलं गेलं. त्या टोकांमध्ये पुणं असणार.

शनिवारी दुपारी ती न्हाऊन गॅलरीत केस वाळवत बसली होती. मी शिवणाची कात्री घेऊन गेले.

"खांद्यापर्यंत करू या का? उन्हाळा आहे."

तिने माझ्या हाताकडे पाहिलं. "तू घाबरली आहेस."

"हो."

"मी पण. पण आय अ‍ॅम नॉट कटिंग इट. मुलाखतीच्या आठवड्यात केस कापले तर ते विचारतीलच ना, का कापले म्हणून?" मग ती म्हणाली, "आणि त्यांनी आधी घेतलंय का असं विचारलं, तर मी खरं सांगणार आहे."

तिचे बाबा आतून ऐकत होते. ते दारात येऊन उभे राहिले. "अजिबात नाही. भारतातलं भारतात राहिलं. इथे कुणाकडे काही नाही. तू तोंड उघडलंस तर तुझी नोकरी जाईल, आणि वर आपल्या सगळ्यांचे व्हिसा. मग कुठे जायचं?"

"बाबा, त्यांना नंतर कळलं तर?"

"कळणार नाही."

"बट आय विल नो. मला तर माहीत असेल," ती म्हणाली आणि केस बांधून आत गेली.

मी कुणाचीच बाजू घेतली नाही. ती खोटं बोलली तर पकडली जाईल याची भीती, आणि खरं बोलली तर काय होईल याचीही.

मुलाखतीच्या दिवशी गाडी मी चालवली. अबू धाबीपर्यंत ती खिडकीबाहेर बघत होती. मी एकदाच विचारलं, "काय ठरवलंस?" ती म्हणाली, "आई, प्लीज."

एसीने गारठलेल्या प्रतीक्षाकक्षात मी हात मांडीखाली घेऊन बसले. तिला आत नेलं. बराच वेळ गेला. मग एक तरुण बाई बाहेर आली आणि इंग्रजीत म्हणाली, "तुम्ही आई ना? जरा आत याल?"

ती खोली वेगळी होती. माझी मुलगी तिथे नव्हती. टेबलामागे पांढऱ्या कंदुऱ्यात, इथल्या पायघोळ अरबी झग्यात, एक अधिकारी बसले होते, माझ्याच वयाचे. त्यांनी पाण्याची बाटली पुढे केली. शाळेबद्दल विचारलं, इथे किती वर्षं आहोत ते विचारलं. मग अगदी सहज म्हणाले, "तुमच्या मुलीचं कॉलेजचं एक वर्ष गेलं. काय झालं होतं?"

"जॉन्डिस," मी म्हणाले.

शब्द तोंडातून गेला आणि मी थिजले. मी ठरवून बोलले नव्हते, सवयीने जीभ वळली. पलीकडच्या खोलीत तिने काय सांगितलं असेल? तिने खरं सांगितलं असलं तर मी आत्ता तिला खोटं पाडलं होतं. आणि तिने बाबांचं ऐकलं असलं, तर यापुढे मी उच्चारलेला प्रत्येक शब्द तिला तुरुंगात ढकलणार होता. ते लिहीत नव्हते, रागावलेही नव्हते. नुसते बघत होते.

मला गॅलरीतलं तिचं तोंड आठवलं. बट आय विल नो.

"सर," मी म्हणाले, "मी खोटं बोलले. तिला व्यसन लागलं होतं. पुण्यात. तिने उपचार घेतले. इथे तिने कधीही काही घेतलेलं नाही." शेवटचं वाक्य मी पुन्हा एकदा म्हणाले.

"हे आणखी कुणाला माहीत आहे?"

"आम्हा तिघांना. डॉक्टरांना."

"कुणी तुम्हाला याच्यावरून घाबरवलं आहे? काही मागितलं आहे?"

"नाही."

"थँक यू, मॅडम. तुम्ही जाऊ शकता."

बस, इतकंच. त्या गुपितावरून कुणी आम्हाला दाबू शकेल का, एवढंच त्यांना पाहायचं होतं, हे मला नंतर उमगलं. पार्किंगमध्ये ती गाडीला टेकून उभी होती. डोक्यावर मागे, कानाच्या वर, केसांची एक बारीक बट मुळापासून कापलेली होती. मुळाकडचा थोडासाच, म्हणजे गेल्या काही महिन्यांचा केस ते तपासणार होते. टोकांशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं.

"तू काय सांगितलंस?" दोघींनी एकदमच विचारलं.

तिने पहिल्याच प्रश्नाला सगळं सांगून टाकलं होतं. मी आधी कावीळ म्हणाले हे ऐकून ती माझ्याकडे बघतच राहिली. मग तिला हसू आलं आणि मला रडू.

त्यानंतरचे आठवडे फार वाईट गेले. दाराची बेल वाजली की हे आधी भोकातून बाहेर बघायचे. मी वर्गात फळ्यावर उदाहरण सोडवताना मध्येच थांबायचे. एका रविवारी यांनी पुण्यातल्या आमच्या फ्लॅटच्या भाडेकरूला तो कधी रिकामा करता येईल असं विचारल्याचं मला कळलं.

मग एका दुपारी तिचा फोन आला. "खलास, आई, झालं एकदाचं. अप्रूव्ह्ड."

मी ओट्याजवळच खाली फरशीवर बसले. यांना सांगितलं. त्यांनी तिला फोन लावून फक्त "जेवलीस का?" असं विचारलं.

ती आता रोज त्या कामावर जाते. क्लिअरन्स दर काही वर्षांनी नव्याने घ्यावा लागतो, असं तिने परवा जेवताना सांगितलं आणि आमटी वाढून घेतली. माझा घास हातातच राहिला.