तुम्ही म्हणजे कोण

आन्तेल्म हा बरगंडीतल्या त्या खेड्याचा न्हावी, उत्तरेकडच्या गिरणगावातून घरजावई म्हणून आलेला. हाताचा हलका, पण मनाचा महासंशयी. बायको झेली घटकाभर नजरेआड झाली, की याचा जीव खालीवर.

सासरा गेला त्या दिवशी बागेच्या टोकाशी, झुडपांपलीकडून त्याला झेलीचा आवाज आला. ती रडत म्हणत होती, "आता मीच तुमची. मला सोडून जाऊ नका." तिकडे सासऱ्याच्या मधमाश्यांच्या पेट्या होत्या, डंखांच्या भीतीने आन्तेल्म जागचा हलला नाही. पण ते 'तुमची' काळजात रुतलं. झेली नवऱ्यासकट अख्ख्या गावाला अरे-तुरे करायची. अहो-जाहो फक्त पाद्रीबाबांना आणि डॉक्टर गोदमारांना. पाद्रीबाबा पार थकलेले. मग उरलं कोण?

विचारायची त्याची छाती झाली नाही. ती 'हो' म्हणाली असती तर? पुढे आठवणीतच भर पडत गेली. आधी नुसता आवाज होता. मग झुडपाखाली चकचकीत बूट दिसू लागले, मग पुरुषी खोकलाही ऐकू आला. डॉक्टरांच्या गळ्याशी त्याचा वस्तरा जरा जास्तच रेंगाळायचा. डॉक्टर बिचारे चारचौघांत सांगत, आन्तेल्मइतकं निगुतीनं कोणी दाढी करत नाही.

असं करता करता दोघं म्हातारी झाली आणि झेलीला न्यूमोनियाने गाठलं. एका दुपारी तिने घराची किल्ली त्याच्या हातात दिली.

"मी गेले तर त्यांना लगेच सांग. बाबा गेले तेव्हा मी सांगितलं होतं, तसंच."

"कोणाला?" आन्तेल्मने विचारलं.

"कोणाला म्हणजे? माश्यांना! पेटीपेटीवर किल्लीने टकटक कर आणि म्हण, आता मीच तुमचा, मला सोडून जाऊ नका. मालक गेल्याचं सांगितलं नाही, तर रुसून उडून जातात त्या. इतकी वर्षं इथं राहिलास आणि एवढंही ठाऊक नाही तुला?"

आन्तेल्म मटकन खाटेवर बसला आणि डोळ्यांतून पाणी येईतो हसत सुटला. छातीवरची धोंड उतरली होती.

"मी मरतेय आणि हा दात काढतोय," म्हणत झेली रागाने उठूनच बसली. तिचा ताप त्याच आठवड्यात उतरला. आन्तेल्मने डॉक्टरांचे दोन्ही हात धरले आणि तो ते सोडेचना.

दुसऱ्या दिवशी तो किल्ली घेऊन जन्मात पहिल्यांदाच पेट्यांपाशी गेला. कोणी मेलं नव्हतं, सांगण्यासारखं काही नव्हतं. तरी त्याने टोपी काढली आणि पहिल्या पेटीवर टकटक केलं.

"म्हणजे तुम्ही होतात तर," तो म्हणाला.