पुढच्या टोकाचा बोल्ट

त्याला सगळे पक्कड म्हणत. तोंडावर पक्कडमामा, पाठीमागे नुसतंच पक्कड. एकदा धरलं की सोडायचं नाही, ही त्याच्या हाताची सवय होती आणि हळूहळू ती स्वभावातही मुरली होती. त्याने बसवलेल्या फाटकाची कडी उघडायला दोन्ही हात लागत. त्याने आवळलेला नळ थेंबभर गळत नसे, पण घरातल्या दुसऱ्या कुणाला तो उघडताही येत नसे.

"माझ्या घरात चोर शिरला तर उपाशीच परत जाईल," बायको शेजारणीला सांगायची. "एक डबा उघडेल तर शपथ."

पक्कड हे ऐकून खूश व्हायचा. टोमणा त्याला कधी टोचलाच नाही, उलट तो त्याला प्रशस्तिपत्रासारखा वाटायचा.

त्याचं वेल्डिंगचं दुकान घराला लागूनच होतं. वर पत्रा, मागे काळवंडलेली भिंत, आणि खाली अशी जमीन की चुंबक टाकला तर वर येताना त्याला मिशा फुटलेल्या असायच्या. तिथे तरुणपणापासून त्याने खिडक्यांचे गज जोडले, जिने जोडले, तुटलेले नांगर आणि मोडक्या खुर्च्या जोडल्या. काम झालं की तो वस्तू दोन्ही हातांनी गदागदा हलवायचा. आवाज आला नाही तरच गिऱ्हाइकाच्या हवाली करायचा. खुळखुळणारी वस्तू म्हणजे अर्धवट सोडलेलं काम, याबद्दल त्याच्या मनात कधी दुमत नव्हतं.

उतारवयात त्याने एक जुना ट्रक घेतला. इंजिन दम टाकत होतं, म्हणून भंगारातल्या एका मोठ्या गाडीचं इंजिन काढून त्यात बसवलं. ते इतकं बेमालूम बसलं की चार गॅरेजवाले मुद्दाम बघायला आले. गाडी मुलाच्या हाती दिली. मुलगा खाणीतून खडी भरायचा, ओढ्यातून गाडी पलीकडे काढायचा आणि चढाने वर बांधकामांवर पोचवायचा. बाप जोडणार, मुलगा चालवणार, सून दुपारी दोघांना एकाच वेळी जेवायला हाक मारणार. पक्कडच्या लेखी जगाची घडी बसली होती.

पण इंजिन मोठं आणि चाकांवर गाडीचा भार झेलणारे मागचे कमानपाटे जुन्या ट्रकचेच. भरल्या गाडीने चढ घेताना मुलगा पहिल्या गिअरमध्ये क्लच सोडायचा, तेव्हा चाकं जमीन धरायची आणि चाकांऐवजी त्यांना जोडणारा सगळा एक्सलच उलटा फिरायला बघायचा. वर बांधलेले पाटे पिळवटलेल्या फडक्यासारखे मुरडायचे, मग एकदम सुटायचे. गाडीचं मागचं अंग थाडथाड उड्या मारायचं. कंबर हलायची, दात वाजायचे आणि शेवटी इंजिनाचा जोर मागच्या चाकांना पोचवणाऱ्या शाफ्टचा सांधा, म्हणजे क्रॉस, तुटायचा. भर चढावर, खडीने भरलेली गाडी अडकून पडलेली. मागे दुसऱ्या गाड्यांची रांग आणि सगळ्यांच्या तोंडी एकच शिवी.

एका दुपारी मुलगा ताटावर बसला, पण घास तोंडात गेला नाही.

"बाबा, दूरच्या एका खाणीवर बोलावलंय मला. नवी गाडी देतायत, राहायला खोली पण आहे."

सून पाणी ओतता ओतता थांबली. म्हणजे तिला आधीच ठाऊक होतं.

"आणि ही गाडी?"

"अजून एकदा क्रॉस तुटला की मी जाणार. भांडायचं नाहीये मला. पण रोज गाडीखाली पाठ घासून मी थकलोय."

 जेवण आटोपून पक्कड सरळ गाडीखाली शिरला आणि कमानपाट्यांवर हात फिरवत बराच वेळ पडून राहिला. एक्सलला फिरू द्यायचं नाही, एवढंच काम होतं. दोन्ही बाजूंना एकेक जाड दांडा टाकायचा, मागचं टोक एक्सलला, पुढचं टोक गाडीच्या सांगाड्याला, म्हणजे चासीला. मग एक्सल कितीही मुरडायला गेला तरी दांडा त्याला दाबून धरेल. धरून ठेवायचं काम. ते तर त्याच्याच हातचं.

पुढचे काही दिवस तो तारुण्य परत आल्यासारखा राबला. जाड भिंतीची नळी निवडली, कापली, टोकं घासून आरशासारखी केली. एक्सलला पकडणारी चौकट बनवताना एक्सल तापून वाकडा होऊ नये म्हणून जोड अगदी सावकाश घातला. मध्येच थांबायचा, हात लावून बघायचा, निवू द्यायचा. बायको चहा ठेवून जायची आणि गार झालेला परत न्यायची.

"सुनेचं बाळंतपण असतं तरी एवढी काळजी घेतली नसती," ती म्हणाली.

"बाळंतपण तू बघ. हे मी बघतो."

मुलगाही येऊन उभा राहू लागला. सुरुवातीला हाताची घडी घालून, मग हळूच ग्राइंडर हातात घेऊन. एकदा तर शीळही वाजवली. पक्कडने ती ऐकली आणि न ऐकल्यासारखं केलं, पण त्या दिवशी त्याचा हात अधिकच हलका चालला.

मग पुढचं टोक चासीला लावायची वेळ आली.

"बाबा, इथे झुलती पट्टी लागेल."

"कशाला?"

"माल भरला की पाटे दबतात ना, तेव्हा एक्सल थोडा मागे जातो. दांड्यालाही मागेपुढे व्हायला जागा पाहिजे. ज्यांनी ज्यांनी बसवलेत, त्यांनी पुढचं टोक पट्टीवर झुलतं ठेवलंय. मी बघितलंय."

"बोल्ट आहे की इथे. फिरेल."

"फिरेल, पण सरकणार नाही."

"सरकायला तो काय साप आहे?" पक्कड हसला, पण ते हसू टिकलं नाही. "झुलतं ठेवायचं तर दांडा कशाला? दोरी बांध. अरे, हयात गेली माझी लोखंडात. ढिलं काम या दुकानातून बाहेर गेलं नाही, आणि स्वतःच्या पोराच्या गाडीत ढिलं घालू?"

 मुलगा ग्राइंडर खाली ठेवून म्हणाला, "बरं. तुम्ही म्हणाल तसं."

पक्कडने बोल्टाभोवतीचं रबराचं कडं, ते बुशसुद्धा काढून टाकलं, कारण ते दाबल्यावर हलत होतं. त्याजागी लोखंडी नळी ठोकून बसवली. शेवटी दांडा दोन्ही हातांनी हलवला. हूं नाही की चूं नाही.

रिकामी गाडी रस्त्यावर काढली, तर ती पाण्यासारखी चालली. मुलाने मुद्दाम चढावर थांबवून पहिल्या गिअरमध्ये उचलली. एक उडी नाही, एक दणका नाही. समोरचा पंक्चरवाला ओरडला, "मामा, गाडीला कमरपट्टा घातला काय!" मुलगा खिडकीतून हसला. खरंखुरं हसला. त्या संध्याकाळी सूनही मोकळेपणाने बोलली, आणि दूरच्या खाणीचं नाव कुणीच काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी खडी भरून गाडी ओढ्यात उतरली. ओढा कोरडा होता, नुसते गोटे. एक मागचं चाक धोंड्यावर चढलं, दुसरं खळग्यात गेलं. पाट्यांना एकाच वेळी एका बाजूला दबायचं होतं आणि दुसऱ्या बाजूला सुटायचं होतं, पण दांडे जागचे हलेनात. मोठ्या फांदीसारखा कडाडकन आवाज झाला आणि गाडी एका अंगावर कलली.

मुलाचा निरोप येताच पक्कड धावतपळत तिथे पोचला. मुलगा ओढ्याच्या काठावर बसला होता. कपाळ दरवाजाच्या कडेवर आपटलेलं, त्यावर रुमाल दाबलेला. पक्कडने त्याच्याकडे ओझरतं पाहिलं. जिवंत आहे, शुद्धीत आहे. मग तो गुडघ्यांवर बसला आणि गाडीखाली डोकं घातलं.

बोल्ट धरायला जोडलेल्या लोखंडी तुकड्याभोवती चासीचा पत्रा कागदासारखा फाटला होता. तुकडा तसाच होता. दांडा तसाच. जोडाच्या कडेकडेने त्याने बोट फिरवलं. कुठे केसाएवढी भेग नव्हती. शब्द थांबवायच्या आधीच तोंडातून निघून गेले.

"बघ, माझा जोड नाही सुटला. चासी फाटली, पण जोड नाही सुटला."

 पक्कडने वळून पाहिलं तेव्हा मुलाने रुमाल कपाळावरून काढला होता. त्या नजरेत राग असता तर पक्कडला बरं वाटलं असतं. रागाला उत्तर त्याच्याकडे नेहमी तयार असायचं.

"हो बाबा," मुलगा म्हणाला. "नाही सुटला."

गाडीची किल्ली त्याने बापाच्या हातात दिली नाही. शेजारच्या दगडावर ठेवली आणि चालू लागला.

घर सोडताना तो आईच्या पाया पडला, बापाच्याही पडला. भांडण नाही, आदळआपट नाही. सुनेने आपली भांडी वेगळी काढली आणि ती गुंडाळायला सासूकडेच जुनी लुगडी मागितली. दोघी मिळून भांडी गुंडाळत बसल्या.

"अडव की त्याला," बायको दुकानात येऊन म्हणाली.

"जायचं म्हणतो तर जाऊ दे."

"आख्ख्या जन्मात पहिल्यांदा काहीतरी सोडलंस," ती म्हणाली, "ते पण हे."

फाटलेल्या चासीला पक्कडने लोखंडी ठिगळं मारली. नंतर पुढचा बोल्ट काढला. नळी बाहेर येईना, तेव्हा तापवून काढली. त्याजागी झुलती पट्टी बसवली, रबरी बुशसकट. काम संपल्यावर सवयीने दांडा हलवला. तो पुढेमागे झाला, बारीकसा आवाजही झाला. पक्कडचा हात पान्याकडे गेला आणि तिथेच थांबला.

भाड्याने आणलेल्या ड्रायव्हरने गाडी भरून ओढ्यातून काढली आणि चढावर चढवली. परत येऊन म्हणाला, "झ्याक चालते, मामा. हलत पण नाही."

त्या दिवशी पक्कडने मुलाला फोन लावला. पलीकडे कुठल्यातरी मोठ्या गाडीचं इंजिन सुरू होतं.

"मी पुढचं टोक मोकळं केलं," पक्कड म्हणाला. "पट्टीवर. तू म्हणाला होतास तसं."

"हां."

"माल भरून पाहिली. काही होत नाही आता."

"चांगलं झालं की," मुलगा म्हणाला. आवाजात खोट नव्हती. एखाद्या गिऱ्हाइकाशी बोलावं तितका तो नीट बोलत होता. "ड्रायव्हर बरा आहे का? नसला तर सांगा, माझ्या ओळखीत एकजण आहे."

पक्कडने फोन कानाशी गच्च धरला.

"बरा आहे," तो म्हणाला.