खंडेनवमीचा अल्बम

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आईला नाही, होस्टेलवर तीन वर्षं शेजारच्या कॉटवर झोपणाऱ्या मैत्रिणीलाही नाही. मी मुळात कमी बोलणारी. गप्प माणसाच्या पोटात काही असेल अशी शंका लोकांना सहसा येत नाही — ते माझ्या फार सोयीचं पडलं.

इंग्रजीतल्या एका संगीताच्या वेबसाइटवर माझ्या नावाची एक यादी आहे. प्रत्येक वर्षाचा माझा सर्वांत आवडता रॉक अल्बम. वर्षाला एकच, आणि तो का आवडला याच्या खाली चार ओळी. दरवर्षी दसऱ्याच्या सुमाराला तिच्यात एकाची भर पडते. लोक वाट बघतात. दूरदूरचे लोक. 'तुझे कान वेगळे आहेत,' असं लिहितात.

माझे कान. थांबा, आधी वडगाव सांगते.

आम्ही मूळचे बेळगावातल्या वडगावचे, विणकर. बाबांना नोकरी लागली आणि आम्ही टिळकवाडीत राहायला आलो. मला इंग्रजी शाळेत घातलं. बाबांचे थोरले भाऊ, म्हणजे आप्पा, मागावरच राहिले. त्यांच्या गल्लीत शिरलं की आधी पावरलूमचा आवाज येतो, मग घरं दिसतात. मागाच्या खोलीत बोलून उपयोग नसतो, म्हणून तिथली माणसं ओठ वाचतात. चार हात लांबून, आवाज न काढता, अख्खं भांडण करतात. मलाही ते थोडं येतं. वडगावातून मी स्वतःहून एवढंच उचललं — बाकीचं चोरलं.

आप्पांची मुलगी मालू आक्का माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. मराठी शाळेतून दहावी झाली आणि मागावर उभी राहिली. दोन माग एकटी चालवायची. एकदा तिनं मोबाइलच्या दुकानातून मेमरी कार्ड भरून आणलं — मागितली होती सिनेमाची गाणी, त्या दुकानदारानं कुणा दुसऱ्याचं फोल्डर ओतून दिलं. सगळं इंग्रजी रॉक. परत बदलून आणायला सवड नव्हती, म्हणून तेच ऐकत राहिली. डोक्याला स्कार्फ, स्कार्फच्या आत इअरफोन, समोर धागा घेऊन धोटा इकडून तिकडं पळतोय. पुढं नेट स्वस्त झालं, तशी ती नवीन आलेलं शोधून ऐकायला लागली.

मी गेले की हसायची. "काय गं मॅडम, कानात बोटं घालून काय ऐकतीस?" मागाचा आवाज मला सोसायचा नाही. गाण्याचे शब्द ती मला विचारायची. मी घाईघाईनं अर्थ सांगायचे. ती ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "आसंल. पर त्यो ढोल वाजीवणारा येगळंच सांगायलाय बघ."

तिची एक पद्धत होती. वर्षभर ती अल्बम मागाच्या आवाजातच ऐकायची. त्या खडखडाटातून गाणाऱ्याचा गळा पोचत नाही, गिटारची नाजूक कलाकुसर पोचत नाही. तरीही जे पार होऊन कानात येतं, ते खरं, असं ती म्हणायची. अशी तीन-चार नावं ती बाजूला काढून ठेवायची. मग दसऱ्याच्या आदल्या दिवशी खंडेनवमी यायची.

त्या दिवशी माग धुऊन पुसून त्यांची पूजा होते. धोट्याला, कात्रीला, मोटारीला, सगळ्याला हळदकुंकू आणि झेंडूची फुलं. दिवसभर माग बंद. एरवी वीज गेली की ते थांबतात, पण तेव्हा ती कधी येईल याकडं सगळ्यांचे कान. खंडेनवमीची शांतता निवांत असते. त्या शांततेत, आप्पा जेवून आडवे झाले की, आक्का आपला छोटा स्पीकर मागाच्या कट्ट्यावर ठेवायची — त्यालाही हळदकुंकू लावलेलं — आणि बाजूला काढलेले अल्बम एकेक करून लावायची. काही तिथं पडायचे. "ह्ये बघ, गडबडीत ग्वाड लागलं, शांततेत उघडं पडलं." गोंगाटात आणि शांततेत, दोन्हीकडं जो टिकला तो त्या वर्षाचा अल्बम.

त्याचं नाव ती भिंतीवरच्या कॅलेंडरात, खंडेनवमीच्या चौकोनात लिहायची. इंग्रजी नाव नव्हे, मुखपृष्ठावरून तिनं ठेवलेलं. 'बुडालेल्या सायकलचा.' 'पिवळ्या घराचा.' 'पाठमोऱ्या बाईचा.' आणि पानाच्या मागं दोन-तीन ओळी. वर्ष संपलं की नवं कॅलेंडर त्याच खिळ्याला जुन्याच्या वर. दहा वर्षांचा गठ्ठा होता तो. फक्त महामारीच्या वर्षाचा चौकोन मोकळा. त्या वर्षी माग कित्येक महिने बंदच होते. मी विचारलं होतं, तर म्हणाली, "माग न्हाय चालले, मग काय म्हणून निवडू? रिकामंच असू दे. ते पन खरंच हाय की."

आता तुम्हाला कळलंच असेल. तरी मला ते लिहायला हवं, नाही का?

पुण्याला कॉलेजात माझ्या वर्गात प्रत्येकाला आवड होती. प्रत्येकाजवळ सांगायला काहीतरी होतं. एकदा कॅन्टीनमध्ये सगळे रॉकवर बोलत होते आणि कुणीतरी मला विचारलं, तुझं काय? मी म्हटलं — माझी एक यादी आहे. वर्षाला एक.

एवढंच वाक्य. नंतर मागं घेता आलं असतं. त्या दसऱ्याला मी वडगावला गेले, आक्का स्वयंपाकघरात होती, आणि मी खिळ्यावरची कॅलेंडरं एकेक उचलून दोन्ही बाजूंचे फोटो काढले. दहा मिनिटं लागली. ती आत माझ्यासाठी कडबू तळत होती.

मुखपृष्ठांवरून नावं शोधून काढली, ओळी इंग्रजीत केल्या आणि यादी त्या वेबसाइटवर टाकली. पुढच्या दसऱ्यांनाही तेच केलं. एका ठिकाणी तिनं लिहिलं होतं, 'एक धागा तुटलेला माग जसा चालतो तसा ढोल. चालतोय, पर तुटल्यालं कळतंय.' ते मी जसंच्या तसं घेतलं. लोकांना सर्वांत जास्त तेच आवडलं. तिची कसोटीही मी माझी म्हणून सांगितली, 'मी मागाशेजारी वाढले' असं लिहून. आणि मोकळं वर्ष? यादीत भोक दिसायला लागलं, म्हणून तिथं मी एक अल्बम घातला. सगळे चांगला म्हणत होते तो. त्या यादीत माझी स्वतःची निवड तेवढी एकच.

इथवर चोरी. चोरीचं कुणी काही म्हणू शकेल — लहान होती, बुजरी होती. पुढच्याला तसं काही म्हणता यायचं नाही.

शिक्षण संपवून मी बेळगावला परत आले, तेव्हा कॅम्पातल्या एका कॅफेत माझा कार्यक्रम ठेवला गेला. पुण्याच्या एक बाई त्या वेबसाइटचं काम बघतात, त्या खास आल्या होत्या. पडद्यावर एकेका वर्षाचं मुखपृष्ठ दाखवायचं, थोडं वाजवायचं, थोडं बोलायचं. चाळीसेक लोक. मी वडगावला कळवलं नव्हतं. बाबांनी कौतुकानं आप्पांना सांगितलं.

पहिलं मुखपृष्ठ पडद्यावर आलं, बुडालेली सायकल, आणि दारापाशीच्या खुर्चीवर मला आक्का दिसली. दोन्ही माग बंद ठेवून आली होती. मांडीवर कापडी पिशवी. पडद्याकडं बघून आधी ती हसली. ओळखीचं माणूस परगावी भेटल्यावर हसावं तशी.

मी बोलत राहिले. इंग्रजीत, सफाईनं. बोलायला लागल्यावर मी बुजरी राहत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. तिसऱ्या-चौथ्या वर्षापासून तिचे ओठ हलायला लागले. पुढचं मुखपृष्ठ येण्याआधीच ती त्याचं नाव घेत होती. पिवळ्या घराचा. मग पडद्यावर पिवळं घर. पाठमोऱ्या बाईचा. मग ती बाई. आवाज नव्हता, पण मला ओठ वाचता येतात. माझ्या वाक्यांतलं तिला किती कळत होतं? बरंचसं कळत असणार. दहा वर्षं ती इंग्रजीच तर ऐकत होती.

मग ते वर्ष आलं. तिचे ओठ थांबले. पडद्यावर मी घातलेला अल्बम होता. तिनं तो नीट बघितला आणि मग माझ्याकडं बघितलं. पुढची वर्षं तिनं पडद्याकडं पाहिलंच नाही.

शेवटी कुणीतरी विचारलं, गोंगाट आणि शांतता ही कसोटी सुचली कशी? मी म्हटलं, लहानपणापासून मागाच्या घरात ऐकत आले. त्यातला शब्द न् शब्द खरा आहे. टाळ्या झाल्या. आक्कानंही वाजवल्या.

लोक उठले तशी ती पिशवी घेऊन पुढं आली, पण मधेच, चार-पाच पावलांवर थांबली. माझ्याभोवती माणसं होती. पुण्याच्या बाईंनी तिच्याकडं पाहून मला विचारलं, "ह्या कोण?"

माझी बहीण, एवढं म्हणायचं होतं. एवढ्यानं काहीच उघडं पडलं नसतं — यादी माझीच राहिली असती. तरी मला वाटलं, बहीण म्हटलं की बाई तिच्याशी बोलणार. तिला गाण्यांचं विचारणार. आणि आक्काला गाण्यांबद्दल दोन वाक्यं बोलू दिली तर? समोरच्या माणसाला लगेच कळलं असतं, यादी कुणाची ते.

मी आवाज खाली घेतला आणि म्हणाले, "साडी द्यायला आल्यात. आमच्याकडं नेहमी देतात."

आवाज खाली घेतला! जन्म मागाच्या खोलीत गेलेल्या बाईपासून लपवण्यासाठी मी आवाज खाली घेतला. तिची नजर माझ्या ओठांवरच होती.

ती एक क्षणही अडखळली नाही. पुढं आली, पिशवीतून साडी काढली. जांभळी, काठाला पिवळी रेघ, तिच्या मागावरची. मला कार्यक्रमात नेसायला म्हणून आणली असणार, पोचायला उशीर झाला असणार. माझ्या हातात देत म्हणाली, "व्हय मॅडम, साडी द्यायला आलतो. काठ बघून घ्या तेवढा." मॅडम ती मला आधीही म्हणायची. पण तेव्हा त्याच्यामागं 'घ्या' नसायचं, 'गं' असायचं.

बाईंना साडी फारच आवडली. त्यांनी पदर उलगडून माझ्या खांद्यावर टाकला, शेजारी उभ्या राहिल्या आणि आपला फोन आक्कापुढं धरला. "अहो, आमचा एक फोटो काढता का?"

आक्कानं फोटो काढला. "हासा की," म्हणाली. मी हसले.

तिनं घरी कुणाला काही सांगितलं नाही. आप्पांचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, मालू म्हणत होती, कार्यक्रम लई झकास झाला.

पुढच्या खंडेनवमीला मी गेले. का गेले? न जाणं जास्त दिसलं असतं म्हणून. माग धुतलेले, झेंडू, उदबत्ती. स्पीकरला हळदकुंकू लावलेलं होतं, पण तो बंद होता. खिळ्याला एकच कॅलेंडर, चालू वर्षाचं. खालचा गठ्ठा नव्हता. आप्पा जेवून आडवे झाले. मी उगाच विचारलं, "आक्का, यंदाचा कुठला?"

ती मोटारीवरचं ओघळलेलं कुंकू फडक्यानं पुसत होती. रागानं म्हणाली असती तर बरं झालं असतं. साध्या आवाजात म्हणाली, "तू सांग की. यादी तुझी न्हवं?"

मग तिनं मला प्रसाद दिला. मी तो खाल्ला आणि टिळकवाडीला आले.

तेव्हापासूनची वर्षं माझी आहेत. मी निवडते. चार ओळी मी लिहिते, मागाचा एखादा शब्द घालते. कुणालाही फरक कळलेला नाही. 'तुझे कान वेगळे आहेत' असं अजून येतं. आक्का अजून दोन माग चालवते. स्कार्फच्या आत इअरफोन असतात की नाही, ते बाहेरून दिसत नाही. मी विचारलेलं नाही.

आणि हे मी मराठीत लिहितेय. यादी वाचणाऱ्यांतले बहुतेक हे वाचणार नाहीत, हे मला लिहायला बसण्याआधीपासून ठाऊक आहे.

यादी तिथंच आहे. माझ्या नावाशेजारी फोटो आहे. बाईंना कापून फक्त मला ठेवलंय. खांद्यावर जांभळा पदर, पिवळी रेघ. मी हसतेय. फोटो सरळ आलाय, उजेड नीट आहे, काठ पूर्ण दिसतो. कुणी काढला, हे तिथं लिहिलेलं नाही.