प्लेन बीकॉम आणि ब्लाउजवाल्या काकी

भाईंदरच्या केबिन रोडवर ब्लाउज शिवणाऱ्या आमच्या शेजारच्या काकींइतकी कॉलेजांची माहिती विद्यापीठातसुद्धा कुणाला नसेल, असं माझं ठाम मत आहे. कुठल्या कॉलेजची प्रवेशाची यादी किती टक्क्यांना बंद झाली, कुठे फीच्या पावतीवर जिमखान्याचे पैसे लावतात आणि जिमखान्यात मात्र एकच फुटका कॅरम आहे, हे त्यांना माप घेता घेता गिऱ्हाइकांकडून कळायचं. उरलेलं त्या दुकानाच्या सुट्टीदिवशी स्वतः जाऊन बघून यायच्या. तिथे त्या प्राचार्यांना भेटत नसत, छताकडे बघत. "लांब दांडीचे जुने पंखे दिसले की समजायचं, अनुदान आहे, फी कमी. एसीची हवा आली की ती आपल्या बापाच्या पगाराची हवा." एका कॉलेजच्या दारात कारंजं दिसलं म्हणून त्या रिक्षातून उतरल्याच नाहीत.

मी बारावी माणगावजवळच्या एका गावात केली आणि सत्तावन्न टक्के घेऊन भाईंदरला पप्पांकडे राहायला आले. पप्पा स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात कामाला. आमच्या घरात दहावीच्या पुढे कुणी गेलेलं नव्हतं, त्यामुळे मला लांबलचक नावाचा कोर्स हवा होता, 'अकाउंटिंग अँड फायनान्स' वगैरे. काकी म्हणाल्या, "प्लेन बीकॉम घे." प्लेन हा शब्द मला तेव्हा अपमानासारखा लागला. तोंडातली टाचणी काढून काकींनी समजावलं, "कापड तेच असतं गं. ते फक्त अस्तर लावून देतात आणि अस्तराचेच पैसे जास्त घेतात."

मी अनुदानित कॉलेजात प्लेन बीकॉमचा अर्ज भरला. पहिली यादी लागली, नाव नाही. दुसरीतही नाही. लांब नावाच्या कोर्सवाले मला घ्यायला तयार होते, पण बुधवारपर्यंतच. पप्पांनी फीसाठी कारखान्याच्या शेठकडे उचलीचा शब्दही टाकला होता. ते दुकानात आले तेव्हा त्यांचा आवाज चढलेला होता.

"काकी, पोरीचं वर्ष फुकट गेलं तर?"

"भाऊ, तिसरी यादी लागू दे. वरची पोरं अस्तराकडे पळतात, मग खाली जागा होते."

"आणि नाही झाली तर?"

काकींनी मान खाली घातली आणि मशीन जोरात चालवलं. पप्पा कामावर गेले, पण शेठकडून उचल त्यांनी घेतली नाही. बुधवार तसाच गेला. काकींना पूर्ण खात्री होती असं मी सगळ्यांना सांगत असे, पण ते खरं नाही. गुरुवारी, तिसरी यादी लागायच्या दिवशी, सकाळी एक गुजराती भाभी ब्लाउज हातात धरून ओरडत आल्या, "मासी, ये क्या किया? दोनों बाँहें राइट की लगाई!" काकी म्हणाल्या, "भाभी, लेफ्ट कल मिलेगी." आणि शटर ओढून माझ्याबरोबर कॉलेजला निघाल्या.

तिसऱ्या यादीत माझं नाव खालून चौथं होतं. काकींनी ते बोट ठेवून दोनदा वाचलं, मग शिपायाला विचारलं, "पंखे चालतात ना?"

परवा बीकॉमच्या शेवटच्या वर्षाच्या निकालानंतर मी पेढे घेऊन दुकानात गेले. वाटलं, आता काकी माझ्या यशाचं श्रेय घेतील, आणि तो त्यांचा हक्कच होता. पण पेढा हातातच धरून त्यांनी हळू आवाजात विचारलं, "वर्गात नेमकं काय करतात गं? मी सगळीकडे ऑफिसच्या खिडकीपर्यंतच गेलेय."

मी पहिल्या दिवसापासून सांगायला लागले. कुठे बसायचे, सर हजेरी कशी घ्यायचे, ताळेबंद पहिल्यांदा जुळला तेव्हा काय वाटलं. मध्येच एक गिऱ्हाईक आलं. काकींनी माझ्याकडे बघतच त्याला हाताने थांबायची खूण केली आणि म्हणाल्या, "हं, मग?"