निर्जलेची कुंडी

ताईचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात होते. "हे गेले गं," एवढंच म्हणाली. दुबईत अल नहदाला ताईकडे पोचले तोवर घर माणसांनी भरलं होतं. कुणीतरी पेल्यातलं उरलेलं पाणी बाल्कनीतल्या सुकलेल्या कुंडीत ओतायला गेलं आणि इतका वेळ भिंतीला टेकून बसलेली ताई ताडकन उठली. "तिला पाणी घालू नका!"

भाऊजी दुबईत बागा उभारणाऱ्या कंपनीत सुपरवायझर होते. नव्वदच्या दशकात तिथल्या प्रत्येक बंगल्याला हिरवळ हवी असायची. वाळवंटात ओतलेलं ते पाणी भाऊजींना बघवत नसे. फुजैराकडच्या डोंगरात त्यांना जमिनीलगत पसरणारं, करड्या पानांचं, औषधी वासाचं एक झुडूप सापडलं. अरबी नाव जादा. उन्हाळ्यात ते मेल्यासारखं दिसतं, पण पाणी दिलं की कुजतं. एका बंगलेवाल्याला गळ घालून त्यांनी हिरवळीऐवजी तेच लावलं आणि सुट्टीवर जाताना माळ्याला बजावलं, "जादा पानी नहीं देना." त्या बिचाऱ्याने 'जास्त नको' असं समजून थोडंथोडं, पण रोज दिलं. एक 'को' राहिला आणि अख्खा वाफा कुजला.

कंपनीचा मालक म्हणाला, "पुन्हा लाव. या उन्हाळ्यात मेलं तर खलास, तुझी नोकरीपण." नोकरी गेली की व्हिसा गेला, घर गेलं, त्यांच्या लेकीची, ऋतुजाची शाळा गेली. मी तेव्हा त्यांच्याकडेच राहायचे. त्याच रोपांतली एक कुंडी बाल्कनीत होती. ऋतुजा रोज डोकावून म्हणायची, "बाबा, इट्स डेड." भाऊजी मुळातच तिरसट. ओरडायचे, "मेली नाही, उपास आहे तिचा!" तेव्हापासून ती आमची निर्जला. मला मात्र त्यांचा भयंकर राग यायचा. हा माणूस नोकरीवर पाणी सोडेल, पण झाडावर सोडणार नाही! नोव्हेंबरात बुंध्याशी हिरवं टोक दिसलं. वाफाही वाचला. भाऊजी बाल्कनीत बसून ढसाढसा रडले.

ताईचा व्हिसा भाऊजींच्या नोकरीवरचा. त्यामुळे ते गेल्यावर ऐन ऑगस्टात तिला ऋतुजाला घेऊन पुण्याला परतावं लागलं. कुंडी माझ्याकडे अजमानला आली. सकाळी तुळशीला पाणी घातल्यावर तांब्यात थोडं उरतं. हात आपसूक शेजारच्या कुंडीकडे वळतो... मी तो मागे घेते. पान चुरगळलं की वास येतो, पण तो वाळलेल्या पानालाही येतो. खरं सांगायचं तर मला काहीच कळत नाही.

रविवारी ताईचा फोन येतो. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर हळूच विचारते, "आहे ना गं?"

"उपास आहे तिचा!" मी ओरडते, अगदी भाऊजींसारखी.