उघडीप होणार म्हणाले तेव्हा

यंदा चैत्रात वादळं सुरू झाली ती थांबेचनात. दुपारी ऊन तापायचं, मग उरल्याच्या कारखान्यांच्या बाजूनं काळं आभाळ चढायचं, धूळ उठायची, खिडक्या आपटायच्या आणि टपोरे थेंब पडायचे. कधी गारा. लाइट जायची ती रात्रीपर्यंत. पुरानी बस्तीतल्या आमच्या गल्लीत सगळे वैतागले होते. खाली राहणारी छत्तीसगढी बाई उन्हाळ्यात बिजौरी घालते, उडदाच्या डाळीचे तीळ लावलेले वाळवणाचे वडे. तिच्या एका खेपेला बुरशी आली, सगळी गाईपुढे टाकावी लागली.

"ये पानी कब जाएगा दीदी?" ती मला जिन्यात विचारायची.

मी नुसती हसायची. मनात म्हणायची, नको जाऊ दे.

मला वादळं हवी होती. हे कोणाला सांगायची सोय नव्हती.

आमचे हे उरल्याला लोखंडाच्या रोलिंग मिलमध्ये आहेत. भट्टीवर काम करतात. भट्टीतून लालभडक लोखंड बाहेर येतं, ते लांब चिमट्यानं धरून मशीनच्या तोंडात द्यायचं. मी ते काम पाहिलेलं नाही. त्यांच्या हातावरचे डाग पाहिले आहेत.

मागच्या वर्षी वादळं संपली, आभाळ स्वच्छ झालं, कोरडा वारा सुटला आणि पहिल्याच आठवड्यात हे भट्टीपाशी पडले. सोबतच्या माणसांनी ऑटोत घालून दवाखान्यात नेलं. मी पोचले तेव्हा अंग तव्यासारखं होतं आणि मला ते आई म्हणून हाक मारत होते. मुलगी डॉक्टरांशी बोलली. मी खाटेच्या पायाशी उभी होते, तरी ऐकलं. "इनको आग के पास मत भेजना. दूसरी बार बचेंगे, मैं नहीं कह सकता."

घरी पडून राहण्यात तो उन्हाळा गेला. पावसाळ्यात हे पुन्हा त्याच भट्टीवर गेले. मिलमध्ये सांगितलं, ताप आला होता. डॉक्टर काय म्हणाले ते सांगितलं नाही. "सांगितलं तर म्हणतील, जाओ घर. लोखंड ओढण्याशिवाय काय येते मले?" असं म्हणाले. थंडीत मी ते विसरूनही गेले. पण यंदा ऊन वाढलं आणि डॉक्टरांचं ते बोलणं पुन्हा आठवू लागलं. ज्या दिवशी वादळ यायचं त्या दिवशी मला जेवण जायचं.

मग एका संध्याकाळी पाऊस पडून गेल्यावर हे ओले होऊन घरी आले. खुशीत होते.

"आज भट्टीपाशी मस्त हवा होती," डोकं पुसत म्हणाले.

मुलगी मोबाइल घेऊन बसली होती. कॉलेजात जाते, मराठी समजते पण उत्तर हिंदीतच देते. म्हणाली, "पापा, आज लास्ट था. कल से एकदम क्लियर. टेंपरेचर भी बढ़ेगा, हफ्ते भर में लू चलेगी, लिखा है."

मी चहाचा कप खाली ठेवला. लू म्हणजे मागच्या वर्षीचा तो कोरडा, भाजणारा वारा.

"खरंच लिहून राहिले का तसं?" मी विचारलं.

"हाँ मम्मी, पूरे छत्तीसगढ़ का है."

"हवामानवाल्यांचं काय ऐकता?" हे हसले. "त्यांनी पाऊस म्हटला की ऊन पडते."

"भट्टीवर नका जाऊ तुम्ही."

"मग कुठं जाऊ? मॅनेजरच्या एसीत बसवून राहिले का मले?"

"साहेबांना सांगून पाहा."

"सांगतो ना. म्हणतो, माही बायको मोबाइलवर आभाळ पाहून भेते." मुलगी हसली. मीही हसले, कारण हसलं नाही तर रडू आलं असतं.

सकाळी आभाळ धुतल्यासारखं निळं होतं. ढगाचा एक तुकडा नव्हता. खालच्या बाईनं गच्चीवर जुनी साडी अंथरून बिजौरी घातलीसुद्धा. "हव दीदी, अब आया ना धूप!" एवढा आनंद तिच्या तोंडावर होता. यांनी ऊन लागू नये म्हणून खिशात कांदा टाकला, ताकाची बाटली घेतली आणि गाडीला किक मारली. मुलगी परीक्षेला गेली. उन्हं वर आली तसा पश्चिमेकडून कोरडा वारा सुटला. गच्चीवरच्या दोरीवर कपडे घातले, ते खाली येऊन पुन्हा वर जाईपर्यंत वाळले. मी ते तसेच दोरीवर सोडले आणि खाली फोनपाशी आले.

माझ्या फोनमध्ये मिलच्या सुपरवायझरचा नंबर होता. मागच्या वर्षी त्यांनीच फोन केला होता. मी परक्या माणसाशी बोलत नाही. भाजीवाल्याशीही दोन शब्दांत उरकते. पण मुलीचा फोन परीक्षेत बंद होता, आणि ती असती तरी "पापा गुस्सा करेंगे" म्हणाली असती. मी नंबर लावला.

मागून मशीनचा घरघराट येत होता. "हलो, कौन?"

"मैं... घर से बोल रही."

"किसके घर से?"

"वो भट्टी पर जो हैं ना... उनके."

"भट्टी पे तो बहुत हैं बहनजी. नाम बोलिए."

नाव मला घेता येत नव्हतं. "नागपूर साइड के हैं," म्हटलं.

"मराठी भी तीन हैं. अरे, नाम बोलो ना, मिस्टर का नाम!" त्यांनी फोन बंद केला.

आमच्यात बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. लग्नात, हळदीकुंकवाला उखाण्यात घेतात ते वेगळं, तिथं सोबत देवाचं नाव असतं. एरवी नाही. आजकालच्या पोरी सर्रास हाक मारतात, त्यांचं त्यांना. पण माझ्या आईनं मला सांगितलं होतं की नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य कमी होतं. तिनं माझ्या बापाचं नाव कधी घेतलं नाही. रेशनच्या दुकानात, बँकेत मुलगी सोबत असते, ती सांगते. इतक्या वर्षांच्या संसारात मी ते नाव कधी उच्चारलं नव्हतं.

मी देवघरासमोर बसले. घेतलं तर आयुष्य कमी होणार, आणि नाही घेतलं तर ते तिकडं लाल लोखंड ओढत होते. बाहेर वारा वाढत होता. हसू नका कोणी, मला खरंच ठरवता येत नव्हतं. एकदा वाटलं, खालच्या बाईला फोन द्यावा. पण तिलाही नाव सांगावंच लागणार होतं.

मी पुन्हा फोन लावला. डोळे मिटले आणि नाव घेतलं. आडनावासकट.

"अच्छा, वो! क्या हुआ?"

मग मी सगळं सांगितलं. डॉक्टर काय म्हणाले, ताप नव्हता, उन्हाची बाधा होती. हिंदी चुकली असेल.

"ये बात छुपाई उसने?" एवढंच ते बोलले.

मी फोन ठेवला. आता मिलवाले यांना कामावरून काढतील असं वाटलं, आणि नाव घेतलं म्हणून वाटेत ट्रक धडकेल असंही वाटलं. दुपारभर दारात बसले. प्रत्येक गाडीच्या आवाजाला उठायची.

हे वेळेवर आले. चप्पल काढली, माझ्याकडे पाहिलं नाही.

"तू फोन केला?"

"हो."

"सगळे पोट्टे चिडवून राहिले मले. भाभीनं फोनवर नाम लिया, म्हणते." मग म्हणाले, "भट्टीवरून काढलं."

"घरी बसवलं?"

"नाही. यार्डात टाकलं. ट्रकमध्ये माल भरायला."

मी गुळाचा खडा आणि पाणी पुढं केलं. त्यांनी गूळ तोंडात टाकला. चेहरा लाल होता, मान भाजल्यासारखी दिसत होती. अजून नवतपा, उन्हाळ्यातले सगळ्यात कडक नऊ दिवस, यायचाच होता.

"यार्डात सावली आहे का?" मी विचारलं.

"ट्रक उभा असला की ट्रकची असते."

"आणि ट्रक गेला की?"

"मग दुसरा येईपर्यंत ऊनच," ते म्हणाले आणि तांब्या तोंडाला लावला.